काळ न दाखवणारा धातू : विसाव्या शतकाच्या मध्यातील स्टेनलेस स्टीलचे काटे-चमचे आणि त्यांच्या संग्रहाचे निकष

प्रस्तावना

जुन्या वस्तूंच्या संग्रहाविषयी लिहिताना दोन गृहीतके बहुधा न तपासताच स्वीकारली जातात. वस्तू जुनी झाली की ती जुनी दिसते, हे पहिले गृहीतक. आणि ज्या द्रव्याची ती घडली आहे त्याला स्वतःचे काही मोल असते, हे दुसरे. चांदीचा चमचा या दोन्ही कसोट्यांना उतरतो. तो काळवंडतो, झिजतो, त्याच्यावरचे नक्षीकाम पुसट होत जाते. आणि संग्राहकाचा रस आटला तरी सराफाच्या तराजूत त्याला किंमत येते. साधारणपणे १९४५ ते १९७० या काळात युरोप-अमेरिकेतील आधुनिकतावादी आरेखनकारांनी घडवलेले स्टेनलेस स्टीलचे काटे, चमचे व सुऱ्या मात्र या दोन्ही गृहीतकांच्या बाहेर राहतात. मोडीत त्यांना नगण्य भाव मिळतो आणि साठ-सत्तर वर्षे वापरूनही दुरून ते नवेच वाटतात. तरीही त्यांचा संग्रह मोठ्या चिकाटीने केला जातो. हा संग्रह कोणत्या निकषांवर उभा आहे आणि ते निकष या वस्तूंना कितपत न्याय देतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

इंग्रजीतील 'फ्लॅटवेअर' या संज्ञेला मराठीत एकच एक शब्द नाही. 'काटे-चमचे' या जोडशब्दात सुरीही गृहीत धरली जाते. तोच शब्द येथे वापरला आहे. मराठी घरात 'स्टील' म्हटले की स्टेनलेस स्टीलच अभिप्रेत असते. शब्द इतका अंगवळणी पडल्यामुळे हा धातू एकेकाळी शंकेचा व थट्टेचा विषय होता, हे सहसा लक्षात येत नाही.

धातूचा स्वभाव

शेफील्ड येथे १९१३ मध्ये हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी करू शकेल अशा पोलादाच्या शोधात होते. सुमारे १२.८ टक्के क्रोमियम असलेले त्यांचे पोलाद गंजत नाही, हे त्या प्रयोगांतून हाती लागले. हे पोलाद सुऱ्यांसाठी उपयोगी पडेल, हे त्यांनी ओळखले. परंतु शेफील्डच्या कारागिरांना ते घडवणे अवघड गेले आणि न कापणाऱ्या सुरीचा शोध लावणारा माणूस अशी त्यांची टवाळी झाली. त्याच सुमारास, १९१२ मध्ये, जर्मनीतील क्रुप कंपनीने क्रोमियम व निकेल या दोहोंचा समावेश असलेल्या पोलादाची एकस्वे नोंदवली होती. पुढे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेले '१८/८' पोलाद काटे-चमच्यांसाठी रूढ झाले. सुरीच्या पात्यासाठी मात्र ते चालत नाही, कारण उष्णतेच्या संस्कारांनी त्याला कठीणपणा आणता येत नाही. त्यामुळे एकाच संचातील चमचा आणि सुरीचे पाते ही बहुधा दोन भिन्न पोलादांची असतात. लोहचुंबक पात्याला घट्ट चिकटते, १८/८ च्या चमच्याला जवळजवळ चिकटत नाही. संग्राहकांच्या खिशात लहानसे चुंबक असते ते यासाठी.

इंग्लंडमध्ये 'ओल्ड हॉल' या नावाने माल काढणाऱ्या विगिन यांच्या कारखान्याने १९२८ मध्ये स्टेनलेस स्टीलचा टोस्ट रॅक तयार केला आणि हा धातू जेवणाच्या टेबलावर आला. परंतु तो आला तो चांदीचा गरीब नातेवाईक म्हणून. चांदीसाठी घडलेले जुने आकारच बराच काळ पोलादावर उठवले जात होते. या धातूला स्वतःचा असा कोणता आकार शोभतो, हा प्रश्न गांभीर्याने विचारला गेला तो दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे. स्वीडनमध्ये गेन्से कंपनीसाठी फोल्के आर्स्ट्रॉम यांनी, अमेरिकेत रसेल राइट आणि डॉन वॉलन्स यांनी, इंग्लंडमध्ये रॉबर्ट वेल्च आणि डेव्हिड मेलर यांनी त्याची निरनिराळी उत्तरे दिली. आर्ने याकोबसेन यांनी कोपनहेगनच्या एसएएस रॉयल हॉटेलसाठी १९५७ मध्ये केलेले उत्तर सर्वांत टोकाचे होते. त्यांच्या काट्याचे दाते आखूड आहेत, मूठ आणि टोक यांत सांधा जाणवत नाही, आणि एका सुपाच्या चमच्याचे तर उजव्या व डाव्या हातासाठी दोन वेगळे नमुने आहेत. स्टॅन्ली क्युब्रिक यांनी १९६८ च्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' या चित्रपटात हेच काटे-चमचे अंतराळयानातील प्रवाशांच्या हाती दिले. भविष्यकाळ दाखवण्यासाठी अकरा वर्षांपूर्वीची वस्तू चालली, यातच या धातूच्या स्वभावाची खूण आहे.

आकाराइतकीच महत्त्वाची, पण छायाचित्रात न दिसणारी गोष्ट म्हणजे घडण. स्वस्त चमचा एकाच जाडीच्या पत्र्यातून कापून ठशाखाली दाबला जातो. चांगल्या चमच्यासाठी कापलेला तुकडा आधी रुळांतून दोन दिशांना लाटतात. त्यामुळे वाटीकडे तो पातळ आणि मानेकडे, जेथे जोर पडतो तेथे, जाड होतो. असा चमचा बोटांवर तोलून धरला की त्याचे वजन योग्य जागी असल्याचे कळते. काट्याची परीक्षा दात्यांच्या मधल्या फटींत होते. तेथील आतल्या कडा घासून गुळगुळीत करणे वेळखाऊ असते आणि स्वस्त मालात हेच काम प्रथम गाळले जाते. राइट आणि वॉलन्स यांच्या नमुन्यांना आरशासारखी चकाकी नसून मऊसर, रेशमी झाक आहे, आणि तीही हाताच्या कसबाने येते. शेफील्डमध्ये घासण्याचे हे काम पिढ्यान्‌पिढ्या स्त्रिया करीत आल्या. 'बफर गर्ल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कामगार स्त्रिया डोक्याला लाल फडके आणि कपड्यांवरून कागद गुंडाळून फिरत्या चाकांपुढे उभ्या राहत, तरी दिवसाअखेर काळ्याठिक्कर होत. संग्राहकांच्या सूच्यांत आरेखनकाराचे नाव असते, कंपनीचे असते. हा तिसरा हात कोठेच नोंदला जात नाही.

मागचा ठसा

पोलादावर काळ दिसत नसल्यामुळे तो वाचण्याची सारी जबाबदारी मुठीच्या मागील बाजूस उठवलेल्या ठशावर येते. याकोबसेन यांचा नमुना आजही बाजारात नवा मिळतो. प्रारंभी तो ए. मिकेल्सन या कोपनहेगनच्या पेढीने काढला. पुढे त्याचे उत्पादन जॉर्ज जेन्सनकडे गेले. आकार तोच, धातू जवळजवळ तोच. तेव्हा जुन्या मिकेल्सन ठशाच्या चमच्यासाठी धडपडणारा संग्राहक आकार गोळा करीत नसतो, कारण आकार दुकानात उपलब्ध आहे. तो काळ गोळा करीत असतो. आणि काळाचा पुरावा म्हणून त्याच्याजवळ चार अक्षरांखेरीज फारसे काही नसते.

ठशावरील हे अवलंबन येथेच थांबले असते तर तक्रारीला जागा नव्हती. परंतु ठशात देशाचेही नाव असते आणि त्यावरून मालाची उतरंड लावली जाते. डॉन वॉलन्स यांचा 'डिझाइन १' हा नमुना १९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या लॉफर कंपनीसाठी जर्मनीतील झोलिंगेनच्या पोट कारखान्यात तयार झाला. लॉफरच्या पुढील मालावर नॉर्वे, हॉलंड, जपान अशी नावे आढळतात. 'डॅन्स्क' या शब्दाचा अर्थच 'डॅनिश'; पण ही कंपनी टेड नीरेनबर्ग या अमेरिकन उद्योजकाने १९५४ मध्ये अमेरिकेत स्थापन केली. कोपनहेगनच्या संग्रहालयात त्यांनी येन्स क्विस्टगार्ड यांचे सागवानी मुठीचे, हाताने घडवलेले काटे-चमचे पाहिले आणि यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ शकते, हे त्यांना पटवून दिले. तोच 'फ्योर्ड' नमुना. पुढे डॅन्स्कच्या काटे-चमच्यांवर जर्मनी, फ्रान्स, फिनलंड, जपान असे ठसे उमटत गेले. (सागवानी मुठीवर काळ दिसतो, हे जाता जाता नमूद केले पाहिजे. गरम पाण्याच्या यंत्रात धुतलेली मूठ फिकी पडते, तडकते. पोलाद मात्र तसेच राहते. एकाच वस्तूत दोन वयांचे भाग.)

संग्राहकांमध्ये युरोपीय ठशाला मान आणि जपानी ठशाला दुय्यम स्थान, ही रूढी सर्रास आढळते. तिचे मूळ कारागिरीत कमी आणि व्यापाराच्या इतिहासात अधिक आहे. जपानमधील नीगाता प्रांतातील त्सुबामे हे गाव एके काळी खिळे घडवणाऱ्यांचे व तांब्याच्या भांड्यांचे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते पाश्चात्त्य काटे-चमच्यांकडे वळले आणि १९५० च्या दशकात त्याचा स्वस्त माल अमेरिकेत इतका शिरला की तेथील कारखानदारांच्या तक्रारीवरून १९५९ मध्ये आयातीवर मर्यादा व वाढीव जकात लादली गेली. 'जपानी म्हणजे स्वस्त' हे समीकरण त्या वादातून बळावले. उलट पुरावा कमी नाही. स्टॉकहोमच्या नोबेल मेजवानीत १९९१ पासून वापरात आलेले गुन्नार सिरेन यांचे काटे-चमचे स्वीडनच्या गेन्सेसाठी त्सुबामेच्याच यामाझाकी कारखान्यात घडवले गेले. एकाच नमुन्याचा जर्मन आणि जपानी काटा शेजारी ठेवून दात्यांच्या फटी, मानेची जाडी आणि झाक तपासली, तर काही वेळा जर्मन काटा सरस ठरेल, काही वेळा ठरणार नाही. ही तपासणी हाताने करावी लागते. ठसा वाचणे सोपे असते, आणि बाजार सोपे तेच स्वीकारतो.

अकरा नगांचे पाच

या संग्रहातील खरी विसंगती डेव्हिड मेलर यांच्या कामात उघडी पडते. त्यांचा 'प्राइड' हा १९५३ चा नमुना चांदीच्या मुलाम्याचा. 'एम्बसी' हा १९६३ चा संच ब्रिटिश वकिलातींसाठी चांदीत केलेला. त्यानंतर १९६५ मध्ये ब्रिटिश सरकारच्या सार्वजनिक बांधकाम मंत्रालयासाठी त्यांनी 'थ्रिफ्ट' हा स्टेनलेस स्टीलचा संच आरेखित केला. तो सरकारी उपाहारगृहे, रुग्णालये, तुरुंग आणि रेल्वे यांच्यासाठी होता. एका व्यक्तीच्या परंपरागत मांडणीत अकरा नग असत. मेलर यांनी ते पाचांवर आणले. माशाची सुरी वेगळी, फळाची वेगळी, गोडाचा चमचा वेगळा, ही वाटणी केवळ सोयीची नव्हती. ती वर्गाची होती. कोणती सुरी केव्हा उचलायची हे ज्याला ठाऊक नाही, तो त्या टेबलावरचा नव्हे, हे ती न बोलता सांगत असे. मेलर यांनी कमी केलेले सहा नग हे म्हणूनच केवळ काटकसरीचे पाऊल मानता येत नाही. वकिलातीतील पाहुणा आणि तुरुंगातील कैदी यांच्यासाठी एकाच आरेखनकाराने, अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने, सारख्याच आस्थेने विचार केला, ही गोष्ट आरेखनाच्या इतिहासात अपवादात्मक आहे.

संग्राहकाची प्रवृत्ती नेमकी उलट दिशेने जाते. 'पूर्ण संच' हे तिचे ध्येय असते, आणि पूर्ण म्हणजे जितके नग कधी काळी निघाले तितके सर्व. लोणच्याचा काटा, केकची सुरी, वाढायचा मोठा डाव असे क्वचित विकले गेलेले नग सर्वाधिक मोलाचे ठरतात. रोज वापरला गेलेला साधा चमचा मुबलक, म्हणून हलका. आरेखनकाराने ज्यावर सर्वाधिक श्रम घेतले तोच नग तळाशी जातो. मूळ खोक्यातील, कधीच न वापरलेल्या संचाला मिळणारा मानही याच जातीचा. जेवणासाठी घडवलेली वस्तू जेवणापर्यंत पोहोचलीच नाही, हे तिच्या बाबतीत घडलेले अपयश मानावयास हवे. संग्रहाच्या भाषेत त्याला 'उत्तम स्थिती' म्हणतात.

वापराच्या खुणांविषयीही असेच म्हणता येईल. पोलादावर काळ दिसत नाही हे दुरून खरे. जवळून पाहिल्यास चमच्याच्या पाठीवर, जेथे तो बशीला टेकतो तेथे, बारीक ओरखड्यांचा पुंजका असतो. उजव्या हाताने जेवणाऱ्या घरातील चमच्याच्या टोकाची डावी कड किंचित अधिक झिजलेली असते. सुरीच्या पात्यावरील सुईच्या अग्राएवढे खड्डे मिठाचे पाणी रात्रभर राहिल्याचे सांगतात. अनेक संग्राहक असे नग पुन्हा घासून घेतात. ओरखडे जातात, त्यांच्याबरोबर मूळ रेशमी झाकही जाते, कडा गोलावतात आणि हाती येतो तो कोणाचाच नसलेला, चकचकीत चमचा. दुरुस्ती म्हणून केलेली ही कृती पुरावा नष्ट करणारी आहे.

याहून वेगळ्या रीतीने संग्रह करता येतो, याचे उदाहरण शेफील्डमध्येच आहे. केन हॉली (१९२७–२०१४) हे हत्यारांचे विक्रेते होते. गिऱ्हाइकी करता करता त्यांनी शहरातील बंद पडत चाललेल्या कारखान्यांमधून हत्यारे, सुऱ्या, काटे-चमचे, विक्रीच्या सूच्या आणि छायाचित्रे जमवली, आणि ती वापरणाऱ्या कारागिरांकडून त्यांची माहितीही मिळवली. केल्हॅम आयलंड येथील संग्रहालयात २०१० पासून या संग्रहाचे स्वतंत्र दालन आहे. तयार मालाइतकेच तेथे अपुऱ्या मालाला स्थान मिळाले आहे. वस्तू पूर्ण होण्याआधीचे घडणीचे टप्पे, एरवी भंगारात गेले असते असे तुकडे, हॉली यांनी मुद्दाम जपले. त्यांच्यावर ना आरेखनकाराचे नाव, ना देशाचा ठसा. तो उठवण्याची वेळच अद्याप आलेली नव्हती.