पेटीतून सर्व्हरवर: पेण-रोह्याचा सिनेमा

सेल्युलॉइडच्या नावाने उसासे टाकणारे बहुतेक मुंबई-पुण्याचे असतात. पेण-रोह्याच्या प्रेक्षकाने गहिवरावे असे त्यात फारसे काही नव्हते. फिल्मच्या जमान्यात ३५ मिलिमीटरची एक प्रिंट काढायला साठ हजार रुपयांच्या घरात खर्च येई, त्यामुळे प्रिंट मोजक्याच. त्या आधी मुंबईत चालायच्या, मग इतर मोठ्या शहरांत, आणि तिथला गल्ला आटला की पत्र्याच्या पेट्यांतून तालुक्याच्या गावी यायच्या. तोवर पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस सुरू झालेला असे. तुटून चिकटवलेल्या जागी गाण्याचे अर्धे कडवे गायब. फिल्मच्या रंगांची खोली, तिचा दाणेदार पोत वगैरे सगळे खरे, पण ते पहिल्या आठवड्याच्या प्रिंटचे गुण.

हरवले ते ऑपरेटरचे कसब. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे मिनिटाला ९० फुटांप्रमाणे १३,५०० फूट, चार किलोमीटरहून लांब फिल्म, अनेक रिळांत विभागलेली. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकला की नेमक्या क्षणी दुसरा प्रोजेक्टर सुरू करायचा, कार्बनच्या कांड्यांमधले अंतर सांभाळायचे, फिल्म तुटलीच तर पिटातल्या शिट्ट्या वाढण्याआधी जोडून घ्यायची. आता चित्रपट सर्व्हरवर येतो आणि ठरलेल्या मुदतीच्या परवान्याने उघडतो. परवाना अडला, तर ऑपरेटरने फोन लावून वाट पाहायची.

एवढे मान्य करूनही छोट्या गावासाठी डिजिटलचे पारडे जडच. २००५ च्या सुमारास यूएफओ मूव्हीजसारख्या कंपनीने उपग्रहावरून चित्रपट पाठवायला सुरुवात केली आणि शुक्रवार एकदाचा सगळ्यांचा झाला. २०२३ मध्ये केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ला गावोगावी बायकांचे जथे लोटले, तेव्हा खेळ वाढवायला नवी प्रिंट काढावी लागली नाही. पेटीच्या काळात ती येईपर्यंत लाट ओसरली असती.

समता मात्र अर्धवटच आली. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी ठरवलेल्या टू-के मानकात २०४८ बाय १०८० बिंदू असतात. त्याखालच्या स्वस्त प्रणाली आपल्याकडे ‘ई-सिनेमा’ या नावाने छोट्या थिएटरांत बसल्या. शिवाय प्रिंटचा खर्च वाचला तरी निर्मात्यावर ‘व्हर्च्युअल प्रिंट फी’ आलीच. त्या शुल्कावरून मार्च २०१८ मध्ये दक्षिणेतल्या निर्मात्यांनी नवे चित्रपट लावणेच थांबवले होते. बेताच्या भांडवलाच्या मराठी निर्मात्याला अशी ताकद कुठून असणार?

घरच्या पडद्याची गोष्ट याहून मजेशीर. गणपतीत गल्लीत पांढरे कापड बांधून पाहिलेला १६ मिलिमीटरचा सिनेमा, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर एका रात्रीत संपवलेले तीन चित्रपट, पुढे व्हीसीडी आणि केबल: चित्राच्या दर्जाबद्दल कोणी कुरकुर केली नाही. व्हीएचएसचे धूसर चित्र पाहायला अख्खी आळी ओटीवर दाटीवाटीने बसे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि मोबाइल हेच कित्येकांचे थिएटर बनले. मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीने ती सवय पक्की केली. राज्यातली थिएटरे अखेर २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली, तेव्हा दिवाणखान्यात फोर-के टीव्ही येऊन बसला होता: ३८४० बाय २१६० बिंदू, म्हणजे टू-के पडद्याच्या जवळजवळ चौपट. ओटीटीवरून दाबून पाठवलेल्या चित्रात अंधाराच्या प्रसंगांना पट्टे पडतात, ते वेगळे. तरीही मंदावलेला दिवा बदलायला चालढकल करणाऱ्या थिएटरला या टीव्हीने मागे टाकले आहे. घरचे चित्र थिएटरपेक्षा सरस, हे पूर्वी कधी घडले नव्हते.

फिल्म मेलेली नाही, पण ती फार दूर गेली. २०२३ चा ‘ओपनहायमर’ फिल्मवर चित्रित झाला. त्याच्या आयमॅक्स ७० मिलिमीटर प्रिंट जगभरात ३० थिएटरांत लागल्या, भारतात एकाही नाही. पेणहून नवी मुंबईच्या मॉलमध्ये जाऊन चढे तिकीट काढणाऱ्यानेही तो डिजिटलच पाहिला.

गावातल्या थिएटराची खरी चुरस आता त्या मॉलशी आहे. मुंबई-गोवा महामार्गाची कृपा असेल तर पेणकर तासाभरात पनवेल गाठतो. रोहेकराला अंतर दुपटीहून जास्त, आणि रात्रीच्या खेळानंतर परतीची गाडी मिळेलच असे नाही. नवा दिवा आणि बऱ्यापैकी ध्वनियंत्रणा यांवर पैसे घालायचे, तर मालकाला भरवसा आहे तो याच प्रेक्षकाचा.