'आमची माती', पण मत कोणाचे?

दूरदर्शनवरील शेती-बागायतीच्या कार्यक्रमांची समीक्षा आपल्याकडे क्वचितच होते. नाटक, चित्रपट, मालिका यांच्यावर रकानेच्या रकाने भरतात. पण कलम कसे बांधावे, मोहोरावर तुडतुडा पडला तर काय फवारावे, हे सांगणारा कार्यक्रम 'उपयुक्त' म्हणून बाजूला ठेवला जातो. जे उपयुक्त ते निरुपद्रवी, आणि जे निरुपद्रवी त्याला जात नसते, असा एक समज त्यामागे आहे. हा समज तपासून पाहिला पाहिजे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच वर्षी दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. शास्त्रज्ञांचे ज्ञान बांधापर्यंत नेण्याचे काम मुंबई केंद्राच्या 'आमची माती आमची माणसं' या कार्यक्रमाने अनेक वर्षे केले. ग्रामीण माणूस विनोदाचा विषय न होता पडद्यावर आला, आपल्या कामाविषयी बोलला, ही या कार्यक्रमाची कमाई आहे आणि ती मान्य केलीच पाहिजे. मराठी पांढरपेशा घरांत शेतीची भाषा शिरली ती या वाटेने.

परंतु या नावातील 'आमची' हे सर्वनाम कोणाचे? माती आमची असे म्हणण्याचा अधिकार ज्याला आहे तो 'आम्ही'त येतो. ज्याला नाही तो कोठे उभा राहतो? रत्नागिरी जिल्ह्यात हा प्रश्न अधिकच टोचतो. ज्या जिल्ह्यातील आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव, त्या जिल्ह्यात गावेच्या गावे खोताच्या ताब्यात होती. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. पुढे कुळकायद्याने अनेकांना जमीन दिली. पण कूळ म्हणून ज्याचे नाव कागदावर कधी लागलेच नाही, जो केवळ गडी म्हणून राबला, त्याच्या हाती काय आले? १९९० साली रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली गेली आणि कोकणातले डोंगरउतार हापूस-काजूच्या कलमांनी भरले. चांगलेच झाले. मात्र लाभार्थी होण्यासाठी सातबारा लागतो. खड्डा खणण्यासाठी लागत नाही.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून मी अशा कार्यक्रमांविषयी माझ्या विद्यार्थ्यांना, त्यांच्या पालकांना आणि आमच्या वाडीतल्या माणसांना विचारत आलो आहे. माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. आई दुसऱ्यांच्या बागांत कामाला जाई. त्यामुळे ही माणसे माझ्याशी मोकळेपणाने बोलतात. बागायतदार प्रेक्षकाचे मत ठरलेले असते : माहिती उत्तम, पण कोकणाच्या वाट्याला वेळ कमी. रत्ना, सिंधू या दापोलीच्या जाती त्याने पडद्यावर पाहिल्या. देठासकट आंबा उतरवणारा 'नूतन झेला' पाहिला. त्याच्या दृष्टीने कार्यक्रम चांगला, आणि त्याचे मत खोटे नाही.

फवारणीला जाणारा एक तरुण म्हणाला, "हातमोजे घाला, तोंडाला बांधा, असं सांगतात. पण ते मालकाला सांगतात. मालक ऐकतो, आणि हातमोजे काय येत नाहीत." परसबागेचा भाग पाहिलेली एक बाई म्हणाली, "भाजी लावा म्हणतात. एप्रिलात प्यायला हंडा मिळत नाही, वेलाला कुठनं घालू?" या प्रेक्षकांना कार्यक्रम कळला नाही असे कोण म्हणेल? त्यांना तो पुरता कळला आहे. कार्यक्रम ज्या प्रेक्षकाला उद्देशून बोलतो तो आपण नव्हे, हेही त्यांना कळले आहे.

सर्वांत बोलके मत एका कलम बांधणाऱ्याचे. पावसाळ्यात कोय रुजून तांबूस कोंब आला की तो कोवळा असतानाच कापायचा, उभी चीर द्यायची, तेवढ्याच जाडीच्या हापूसच्या काडीला पाचरीसारखा आकार देऊन ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचे. पाते जरा हलले तर काडी वाया. हा माणूस दिवसाला शेकड्याने कलमे बांधतो आणि नगावर पैसे घेतो. तो काम करीत असलेल्या रोपवाटिकेत एकदा चित्रीकरण झाले. नंतर तो कार्यक्रम त्याने घरच्यांना बसवून पाहिला. त्याचे मत त्याने दोन वाक्यांत सांगितले : "मास्तर, हात माझे होते. तोंड मालकाचं होतं."

या दोन वाक्यांत जे आहे ते आमच्या समीक्षेने अद्याप नीट मांडलेले नाही. हात जवळून दाखवायचे, कारण कौशल्य हातात आहे. बोलायला मालकाला बसवायचे, कारण ज्ञान त्याच्या नावावर आहे. श्रम आणि ज्ञान यांची ही फाळणी जुनीच आहे. वर्णव्यवस्थेने ती धर्म म्हणून सांगितली. कॅमेरा ती सवय म्हणून पुढे चालवतो. त्यात कोणाचा दुष्टावा असेलच असे नाही. सवयीला दुष्टाव्याची गरज नसते.

मराठीत 'मत' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. निवडणुकीत या कलम बांधणाऱ्याचे मत बागायतदाराच्या मताइतकेच मोजले जाते. परंतु प्रेक्षक म्हणून असलेले त्याचे मत कोणी मागत नाही. पत्र लिहावे तर प्रश्न हवा, आणि कार्यक्रमाला अपेक्षित प्रश्न 'माझ्या बागेत' या शब्दांनी सुरू होतो. राजकारणात समता आणि समाजात विषमता या विसंगतीविषयी बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत इशारा दिला होता. ती विसंगती अशा साध्या जागीही दिसते.

यावर कोणी म्हणेल की बागायतीच्या कार्यक्रमाने बागायतच सांगावी, जमिनीचे वाटप नव्हे. हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा पाणी अडवण्याचे, जनावरांची पैदास सुधारण्याचे उपाय आणि शेतकऱ्याला नाडणाऱ्यांची चिकित्सा एकाच ग्रंथात केली. बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतीवर लिहिताना शेतीच्या तुकड्यांचा प्रश्न सबंध अर्थव्यवस्थेशी जोडला. रोप आणि राबणारा यांना वेगळे न करण्याची परंपरा आपल्याकडे आहे. ती माध्यमांनी घेतली नाही, एवढेच.

२०१५ पासून शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र डीडी किसान वाहिनी आहे. मोबाइलवर गच्चीवरच्या बागांचे कार्यक्रम चालतात. पडदे वाढले. हापूसच्या बागेत रात्र जागवणारा नेपाळी राखणदारही आज खिशातल्या पडद्यावर हे सारे पाहतो. प्रेक्षक वाढला तसा बोलणारा वाढला का, हीच या कार्यक्रमांची खरी कसोटी आहे.

आपल्या बाजूने एक काम ताबडतोब करता येण्याजोगे आहे. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या वाडीत असा एखादा कार्यक्रम राबणाऱ्या माणसांसोबत बसून पाहावा, आणि ती जे बोलतील ते जसेच्या तसे उतरवावे. केंद्रांना पत्रे जावीत ती या मतांची. त्यांत मागणी एकच असावी : ज्याचे हात दाखवता, त्याला बोलूही द्या.