१७ सप्टेंबरच्या पुढचं पान

मराठवाडा मुक्तिसंग्रामावर ढीगभर लिहिलं गेलं. पण बहुतेक पुस्तकं, बहुतेक भाषणं १७ सप्टेंबर १९४८ ला येऊन थांबतात. निजाम शरण आला, तिरंगा चढला, टाळ्या. पुढचं पान कोरं.

आधीच्या पानांशी माझं भांडण नाही. रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली. ३० जानेवारी १९४८ ला आपल्या नांदेडकडच्या उमरीची बँक लुटली, ती लढ्याच्या खर्चासाठी. हत्यारबंद राजवटीपुढं रिकाम्या हातानं उभं राहा, असं सांगणारा मी कोण? त्या लुटीचा घाव सरकारी तिजोरीवर होता, गरिबाच्या झोपडीवर नव्हता.

कोऱ्या पानावर काय आहे, ते नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या अहवालात आहे. उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या चार जिल्ह्यांत निदान १८ हजार मुसलमान मारले गेले. सगळ्या संस्थानात २७ ते ४० हजार, असा त्यांचा अंदाज. लातुरात कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली. काही ठिकाणी फौजेच्या माणसांनीच गर्दीला चिथावलं. हा अहवाल पन्नास-साठ वर्षं दडवला.

म्हणतेत, हा रझाकारांचा सूड. मग हिशेब बघा. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचाच वकील. त्याला अटक झाली, खटला झाला, १९५७ ला सुटून तो पाकिस्तानात गेला. मेले ते पाठीमागं राहिलेले. शत्रू शरण आल्यावर उचललेल्या तलवारीला मुक्तिसंग्राम म्हणायचं का?

हे आपण विचारायलाच पाहिजे. मारणाऱ्या गर्दीला जाब नाही विचारला, की ती धडा घेते. १९७८ ला नामांतराच्या वेळी याच मुलखात आपल्या वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे मारले गेले. माणूस कोणत्या जमातीचा, एवढंच बघून शिक्षा देणं, ही गावाची जुनी सवय. जात म्हणजे दुसरं काय?

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, स्वतःचा जीव देऊन. मी मागावरचा माणूस. त्या विणकरांची नावं कुठल्या हुतात्मा स्तंभावर मला दिसली नाहीत. आपल्या कवींनी आता त्यांच्यावर लिहावं. मुक्तिसंग्रामातले खरे मुक्त झालेले तेच.