वद्य पक्षातली पहाट

महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटवर सूर्योदयाच्या तासभर आधी पोचले, तर सुरुवातीला फक्त वारा असतो. मग अंजनीच्या झाडांची सळसळ ऐकू येते, पायाखालचा जांभा जाणवू लागतो, आणि पूर्वेकडे एक फिकट रेघ उमटते. या उजेडाच्या प्रत्येक पायरीला मराठीत वेगळे नाव आहे. आधी पहाटेचा काळोख, मग झुंजुमुंजु, मग तांबडे फुटते, मग फटफटते, उजाडते आणि शेवटी उन्हे वर येतात. हे शब्द ज्याच्या तोंडी आहेत, त्याने ईस्टरची कथा सावकाश वाचावी. ती कथा याच पायऱ्यांवर उभी आहे.

चारही शुभवर्तमानांत प्रसंग एकच आहे. वधस्तंभावर मेलेल्या येशूच्या कबरेकडे रविवारी सकाळी कुठे एक स्त्री, कुठे अनेक स्त्रिया, निघाल्या आहेत. पण उजेड मात्र सारखा नाही. योहानाची मग्दालीया मरीया अजून अंधार असतानाच निघते. मत्तयाच्या कथेत दिवस उजाडू लागला आहे. लूकच्या स्त्रिया अगदी भल्या पहाटे सुगंधी द्रव्ये घेऊन येतात. मार्क तर सूर्य उगवला होता असेच सांगतो. हिशेब मांडणाऱ्याला ही विसंगती वाटेल. मला मात्र प्रत्येक लेखकाने आपल्या कथेला साजेसा उजेड निवडला आहे असे वाटते. योहानाच्या कथेत मरीया समोर उभ्या असलेल्या येशूला माळी समजते. डोळ्यांत पाणी आहे, बाहेर अंधार आहे. ती ओळखणार कशी? ती ओळखते ती त्याने नावाने हाक मारल्यावर, म्हणजे कानाने. ही ओळख अंधारातच शोभते. मार्कच्या जुन्यात जुन्या प्रतींत कथा संपते ती स्त्रिया भीतीने थरथरत पळून जातात आणि कुणाला काही सांगत नाहीत तिथे. लख्ख उन्हात रिकामी कबर पाहिलेल्या माणसाची ती भीती आहे. उजेडाने तिथे दिलासा दिलेला नाही.

आणि चौघांनीही एक गोष्ट लिहिलेली नाही: येशू उठला तो क्षण. तो कुणी पाहिला नाही. कथेच्या मधोमध ही जागा मोकळी आहे, आणि ईस्टरच्या साऱ्या परंपरा तिच्याभोवती उभ्या आहेत. गायक जसा रागाचा प्रहर पाळतो, तसा प्रत्येक परंपरेने आपला प्रहर निवडला. पंथापंथांतल्या फरकांचा रस मला या प्रहरांत सापडतो.

महाबळेश्वरचे होली क्रॉस चर्च कॅथलिकांचे. कॅथलिक परंपरेने रात्र निवडली. शनिवारी अंधार पडल्यावर देवळातले दिवे मालवतात आणि बाहेर नवा अग्नी पेटवतात. त्या अग्नीवर पास्काची, म्हणजे ईस्टरची, उंच मेणबत्ती लावायची असते. धर्मगुरू तिच्यावर क्रूस कोरतात. वर अल्फा, खाली ओमेगा, आणि क्रुसाच्या चार कोनांत चालू सालाचे चार आकडे. मग धुपाचे पाच दाणे मेणात रोवतात, येशूच्या पाच जखमांची खूण म्हणून. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रात्रीवर दर वर्षी नवे साल कोरले जाते, हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. ती मेणबत्ती घेऊन मिरवणूक अंधाऱ्या देवळात शिरते. तीन वेळा थांबून ख्रिस्ताच्या प्रकाशाचा घोष होतो. ज्योतीवरून ज्योत लागत जाते, आणि विजेचा दिवा न लावता शेजाऱ्याचा चेहरा दिसू लागतो.

यानंतर जे प्राचीन घोषगीत गातात, त्यात मूळ लॅटिनमध्ये मधमाश्यांचा गौरव आहे. ही मेणबत्ती त्यांच्या कष्टाची आहे, असे ते गीत कृतज्ञतेने सांगते. महाबळेश्वरच्या माणसाला ही जागा अधिक कळावी. याच तालुक्यातले मांघर २०२२ साली देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. सातेरी माश्यांच्या पेट्या, पोळी, मेण हे इथल्या घरांचे रोजचे काम आहे. देवाच्या उठण्याच्या रात्री माशीच्या राबण्याची आठवण ठेवणारे गीत इथल्या डोंगराला परके नाही.

हा रात्रीचा प्रहर मधल्या काळात हरवलाही होता. कित्येक शतके हा जागरणाचा विधी शनिवारी सकाळीच उरकला जाई. उन्हात मेणबत्ती पेटे आणि भर दिवसा रात्रीची गीते गायली जात. पोप बारावे पायस यांनी १९५१ साली प्रयोग म्हणून आणि १९५५च्या सुधारणेने कायमचा तो रात्रीला परत दिला. संध्याकाळचा मारवा सकाळी गायला तर सूर तेच राहतात, पण रंग भरत नाही. रोमलाही हे उमगले, असे मी मानतो.

गोव्याने हीच रात्र कानांनी पाळली. पवित्र गुरुवारच्या मिस्सेत गौरवगीत झाले की घंटा मुक्या होतात. मग शनिवारच्या रात्रीपर्यंत हाक द्यायला उरतो तो लाकडी मात्राक. त्याचा खडखडाट कोरडा, हाडांसारखा. दोन दिवस तो ऐकलेल्या कानांवर जागरणाच्या रात्री घंटा पुन्हा वाजतात, तेव्हा पास्कू, म्हणजे ईस्टर, आले हे वेगळे सांगावे लागत नाही. मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन कॅथलिक घरांत सणाचा भर दुपारच्या पानावर असतो. चाळीस दिवसांच्या संयमानंतर फुगे नावाचे गोल पाव तळले जातात, मटणाचा वास गल्लीत येतो. रात्रीचा विधी तिथे दुपारी जेवणात उतरतो.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांनी मध्यरात्र घेतली. त्यांच्या पुनरुत्थानाच्या चित्रात कबरेतून बाहेर पडणारा येशू नसतो. तो मृत्युलोकात उतरून आदाम आणि हव्वेला हाताला धरून वर ओढत असतो. न पाहिलेला क्षण त्यांनी चितारला नाही, त्या क्षणाने काय केले ते चितारले. ग्रीक घरांत लाल रंगवलेली अंडी एकमेकांवर आपटून फोडतात. लाल रंग रक्ताचा आणि फुटणारे कवच कबरेचे.

आमच्या सातारा-सांगलीकडच्या मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांचा प्रहर पहाटेचा आहे, आणि त्यामागची हकिकत मोठी रंजक आहे. महाबळेश्वरचे ख्राइस्ट चर्च १८४२ सालचे, अँग्लिकन. ईस्टर त्यांच्या पंचांगात होताच. पण सातारा भागात मराठी मंडळ्या उभ्या केल्या त्या अमेरिकन मराठी मिशनने. मराठी बायबलच्या भाषांतरासाठी झिजलेले त्या मिशनचे अ‍ॅलन ग्रेव्हज १८४३ साली महाबळेश्वरलाच वारले. या मिशनऱ्यांचे न्यू इंग्लंडमधले प्युरिटन पूर्वज ईस्टर पाळतच नसत. शास्त्रात आज्ञा नाही, मग सण कशाला, अशी त्यांची भूमिका होती. ज्यांच्या पूर्वजांच्या घरी हा सण नव्हता, त्यांच्या मराठी मंडळ्यांत तो वर्षाचा कळस झाला.

पहाटेची उपासना आली जर्मनीतल्या मोरेव्हियन लोकांकडून. १७३२ साली हेर्नहूट गावातली काही तरुण मंडळी ईस्टरच्या पहाटे टेकडीवरच्या दफनभूमीत जमली आणि कबरींमध्ये उभी राहून गाऊ लागली. त्या प्रथेने पुढे समुद्र ओलांडले. महाराष्ट्रात तिला प्रभातफेरी भेटली. भूपाळी आणि काकडआरतीच्या देशात पहाटे टाळ वाजवत, भजने म्हणत निघणे कुणाला शिकवावे लागले नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला अभंग, भजन आणि कीर्तनाची वाट दिली होतीच. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, साताऱ्यातच त्यांनी ‘देवाचा दरबार’ हे ख्रिस्तभक्तांचे मंडळ सुरू केले. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. ईस्टर मानणारे आणि एके काळी न मानणारे एकाच चर्चमध्ये गाऊ लागले.

माझ्यासाठी या पहाटेचा अर्थ आजीने लावला. शनिवारी रात्रीच ती मोगऱ्याची फुले ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. पहाटे कंदील घेऊन आम्ही दफनभूमीत जायचो. ती आजोबांच्या कबरेवरचा पाला हातानेच झाडायची, मेणबत्ती लावायची, फुले ठेवायची. नवऱ्याचे नाव न घेण्याचा जुना रिवाज तिने ख्रिस्ती घरातही जन्मभर पाळला. फक्त त्या पहाटे, झुंजुमुंजु होताना, ती वाकून त्यांचे नाव घ्यायची. एकदाच, स्पष्ट. मी एकदा विचारले, “आजी, आज कसं गं नाव घेतलंस?” ती म्हणाली, “आज हाक मारायचा दिवस असतो, बाळा.” योहानाच्या त्या प्रसंगावर मी पुढे बरीच पुस्तके वाचली. बागेत नावाने मारलेल्या हाकेचा याहून नेमका अर्थ मला कुठे मिळाला नाही.

आता तारखेचे. वसंत संपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार, हा ईस्टरचा मूळ हिशेब. पूर्वेकडचे बहुतेक ऑर्थोडॉक्स तो जुन्या ज्युलियन पंचांगाने करतात, म्हणून त्यांचा दिवस अनेकदा वेगळा येतो. २०२४ साली आपल्याकडे ईस्टर ३१ मार्चला होता, त्यांच्याकडे ५ मेला. २०२५ साली दोघांचाही २० एप्रिललाच आला. आपल्या पंचांगात पाहिले तर ही पौर्णिमा बहुधा फाल्गुनाची किंवा चैत्राची असते. २०२४ साली ईस्टर होळीनंतरच्या रविवारी आला, २०२३ साली हनुमान जयंतीनंतर तिसऱ्या दिवशी. म्हणजे ईस्टर येतो तो वद्य पक्षात, पौर्णिमा सरल्यावर आठवड्याच्या आत.

म्हणूनच त्या पहाटे आकाशात चंद्र असतो. विल्सन पॉइंटवरून पूर्व आणि पश्चिम दोन्ही दिसतात. पश्चिमेकडच्या आकाशात झिजू लागलेला चंद्र असतो, कॅथलिकांनी जागवलेल्या रात्रीचा. पूर्वेला तांबडे फुटत असते, खाली दफनभूमीत मेणबत्त्या लागण्याची वेळ झालेली असते. थोडा वेळ दोन्ही उजेड एकाच जांभ्यावर पडतात, आणि अंजनीची निळी फुले दिसू लागतात.