रोजंदार मुष्टियोद्धा आणि मांसाचा एक तुकडा

जॅक लंडन या अमेरिकन कथाकाराची ‘अ पीस ऑफ स्टेक’ ही कथा १९०९ मध्ये प्रसिद्ध झाली. मुष्टियुद्धावरील कथांत तिचे स्थान फार वरचे आहे, याविषयी आमचा वाद नाही. परंतु इतकी परिणामकारक कथा वाचकाच्या मनात एक सिद्धान्तही नकळत रुजवून जाते. आणि तो कितपत खरा आहे हे तपासणे टीकाकाराचे कर्तव्य होय.

कथानक थोडक्यात असे. सिडनीतील टॉम किंग हा एके काळचा विजेता आता चाळिशीस पोचला आहे. मुले उपाशीच निजविलेली आहेत. शेजारून उसन्या आणलेल्या पिठाचे पातळ कालवण आणि पाव एवढेच त्याच्या पुढ्यात आहे. खाटकाने मांसाचा एक तुकडाही उधार देण्याचे नाकारले आहे. अशा स्थितीत तो दोन मैल पायी चालत जाऊन सँडेल नामक तरुणाशी लढतो, कसबाच्या बळावर विजयाच्या उंबरठ्यापर्यंत येतो, आणि शेवटच्या ठोशात बळ न उरल्यामुळे हरतो. परतताना तो रस्त्यातच बसून रडतो. पूर्वी आपण ज्या वृद्ध प्रतिस्पर्ध्यास हरविले होते, तो त्या रात्री का रडला, याचा उलगडा त्यास तेव्हा होतो.

या पराभवाची लंडन दोन कारणे देतो. एक तारुण्य, दुसरे तो मांसाचा तुकडा. त्याचा कल पहिल्याकडे अधिक आहे. तारुण्य वार्धक्यास गिळते, हा जणू सृष्टीचा नियमच, असे तो पुनःपुन्हा सुचवितो. आमचा मतभेद येथेच आहे. तारुण्य हेच सर्वस्व असते, तर विशीतच ज्यांच्या कपाळी पराभवाचा धंदा लिहिला जातो त्यांचे काय?

अशा योद्ध्यास इंग्रजीत ‘जर्नीमन’ म्हणतात. या शब्दाचे मूळ ‘दिवस’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दात आहे. जर्नीमन म्हणजे धंदा शिकलेला, परंतु स्वतःचे दुकान नसलेला, दुसऱ्याकडे रोजाने राबणारा कारागीर. मुष्टियुद्धातील जर्नीमनही असाच रोजंदार असतो. आमच्या मते त्याच्यात व श्रेष्ठ योद्ध्यात मुख्य भेद धैर्याचा नव्हे, वयाचाही नव्हे. काळावरील मालकीचा आहे.

बर्मिंगहॅमच्या पीटर बकलीचे उदाहरण घ्या. १९८९ ते २००८ या काळात तो ३०० लढती लढला. त्यांपैकी ३२ जिंकला, २५६ हरला आणि १२ बरोबरीत सुटल्या. हे आकडे पाहून कोणीही हसेल. परंतु पुढे १९९५ मध्ये जगज्जेता झालेल्या नसीम हमीदपुढेही हा मनुष्य दोनदा उभा राहिला होता. इंग्लंडातील लहान सभागृहांत खेळ असा चालतो: होतकरू तरुण आपल्या आप्तमित्रांना तिकिटे विकतो आणि त्या पैशातून प्रतिस्पर्ध्याची बिदागी निघते. तो प्रतिस्पर्धी म्हणजे आपला रोजंदार. बोलावणे कधी आदल्या दिवशीही येते. त्याने लढावे, तरुणास शिकवावे, आणि गुणांवर हरून घरी जावे, अशीच सर्वांची अपेक्षा असते. पंचाने लढत थांबविली तर नियमाप्रमाणे त्यास काही आठवडे सक्तीने घरी बसावे लागते, म्हणजे मिळकत बुडते. म्हणून मार चुकविणे, प्रतिस्पर्ध्यास मिठी घालून दम खाणे, डोळ्यावरील कातडी फाटू न देणे, या विद्येत तो निष्णात होतो. हे कसब सामान्य नव्हे. मात्र ते विजयासाठी नसून पुढच्या आठवड्याच्या रोजासाठी असते.

तर मग श्रेष्ठत्व म्हणजे केवळ पैशाचा खेळ काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. १९३६ मध्ये मॅक्स श्मेलिंगने जो लुईस यास बाराव्या फेरीत धूळ चारली. डाव्या हाताचा ठोसा मारून लुईस तो हात खाली सोडतो, हे व्यंग श्मेलिंगने हेरले होते. १९३८ मध्ये तेच दोघे पुन्हा भेटले आणि लुईसने पहिल्याच फेरीत निकाल लावला. हाच श्रेष्ठ योद्ध्याचा गुण: पराभव त्याचा गुरू होतो. परंतु गुरूपाशी बसण्यास अवकाश लागतो, हे विसरू नये. लुईसला दोन वर्षे मिळाली आणि जॅक ब्लॅकबर्नसारखा शिक्षक जवळ होता. रोजंदाराचा पराभव पचण्यापूर्वीच पुढची लढत दाराशी उभी असते.

इमॅन्युएल ऑगस्टसच्या वाट्याला ३८ विजय, ३४ पराभव आणि ६ बरोबरी आल्या. तरी २००० मध्ये फ्लॉइड मेवेदरला त्याच्याशी नवव्या फेरीपर्यंत झुंजावे लागले, आणि पुढे मेवेदरने स्वतः आपल्या कठीण प्रतिस्पर्ध्यांत त्याचे नाव घेतले. याच्या उलट जेम्स ब्रॅडॉक. १९२९ नंतर त्याचे हात मोडले, पराभव साचले, मंदीच्या काळात तो गोदीत हमाली करू लागला आणि सरकारी मदतीवर कुटुंब पोसू लागला. १९३४ च्या जूनमध्ये ऐन वेळी बोलावून त्यास एका उदयोन्मुख योद्ध्यापुढे उभे केले, ते हरण्यासाठीच. तो जिंकला. मग पुढच्या लढतींसाठी त्यास तयारीचा अवधी मिळाला, आणि १३ जून १९३५ रोजी मॅक्स बेअरला हरवून तो जगज्जेता झाला. मनुष्य तोच होता. त्याचा काळ तेवढा त्याच्या हाती आला होता. अर्थात प्रत्येक रोजंदारात ब्रॅडॉक दडलेला असतो असे आम्ही म्हणत नाही. परंतु कोणात दडलेला आहे हे कळण्याचीही सोय नसते, ही गोष्ट अधिक दुःखाची आहे.

म्हणून लंडनच्या कथेवर आमचा अभिप्राय असा, की तिचे शीर्षक तिच्या तत्त्वज्ञानाहून खरे आहे. वार्धक्य टळत नाही. त्यास दोष देऊन कोणाचीच जबाबदारी ठरत नाही. मांसाचा तुकडा मात्र मिळू शकला असता. तो नाकारणारे हात माणसांचे होते, आणि शेकडो ठोशांनी झिजणारा मेंदूही माणसाचाच असतो. सृष्टिनियमाची भव्य भाषा बोलताना लेखकाने ही बाब थोडी झाकली. तथापि खाटकाचे दुकान आणि रिकामी थाळी त्याने इतक्या सचोटीने रेखाटली आहे, की त्याचाच पुरावा त्याच्या सिद्धान्ताविरुद्ध उभा राहतो. कलावंताचा प्रामाणिकपणा याहून निराळा तो कोणता?

वाचकांनी ही कथा अवश्य वाचावी. आणि पुढे कधी एखाद्या योद्ध्याच्या नावापुढे पराभवांची लांब रांग दिसली, तर हसण्यापूर्वी एवढेच विचारावे, की त्या रात्री त्याला बोलावणे केव्हा आले होते, आणि तो काय जेवून आला होता.