टायरवर उमटलेली गाडी

गाडीत बघण्यासारखं काय, असं विचारलं तर बहुतेक जण बॉनेट उघडतील. मी पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसेन. स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण कापलं की झिजलेल्या टायरची नक्षी आडवी समोर येते. हवा, अलाइनमेंट, सस्पेन्शन, चालवणाऱ्याचा पाय, सगळ्यांनी तिथे आपापला हात मारलेला असतो.

ढोबळ वाचन सोपं. दोन्ही कडा घासल्या आणि मधली नक्षी शाबूत, तर हवा कमी. मध्येच टक्कल पडलं, तर हवा जास्त. एकच कड गेली, तर बहुधा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बिघडलाय. खरी गोडी पुढे आहे. तळहात नक्षीवरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेला हात सहज सरकतो. दुसऱ्या दिशेला, माशाच्या खवल्यांवरून उलटा हात फिरवावा तशी प्रत्येक ठोकळ्याची कड बोटांना अडते. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही. अशी कड अडली तर दोन्ही पुढची चाकं किंचित आत किंवा बाहेर तोंड करून धावताहेत, म्हणजे टो बिघडलाय. गाडी सरळ जाते, स्टिअरिंग थरथरत नाही, मालक खूश असतो, आणि टायर दर मीटरला थोडा थोडा आडवा घासला जात असतो. ‘गाडी टायर खाते’ म्हणतात ती हीच.

अंतराअंतरावर बशीसारखे खळगे पडले असतील तर शॉकअॅब्सॉर्बर थकलाय, चाक रस्त्यावर उड्या मारतंय. असा टायर घुमतोही, आणि मग लोक उगीच बेअरिंग बदलून घेतात. दोन्ही आवाज वेगाबरोबर वाढतात, पण टायरचा सूर डांबरावरून काँक्रीटवर गेलं की बदलतो. बेअरिंगचा बदलतो तो वळणावर. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हाच घुमणं वाढलं तर संशय उजव्या बाजूवर.

जॅक लावून (दुसऱ्या चाकांना दगड लावून, आणि गाडीखाली न शिरता) चाक वर-खाली धरून हलवा. खडखड वाटली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावर प्ले आला तर आधी टाय रॉडचं टोक बघा. हे न तपासता अलाइनमेंटची रंगीत प्रिंट हातात देणाऱ्यांचं मला नवल वाटतं. सांधेच ढिले असतील तर ते आकडे टिकणार कसे?

ब्रेक मात्र टायरइतका मोकळा बोलत नाही. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला येणारी खरखर म्हणजे डिस्कवरचा रात्रीचा गंज, तो सोडून द्या. ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग थरथरलं तर पुढच्या डिस्क बघायला हव्यात. ब्रेक न लावता ऐंशीच्या पुढे थरथरलं तर चाकांचं बॅलन्सिंग. चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. कॅलिपरची पिन जाम झाली की झिजतो तो आतला, म्हणून बाहेरचा जाड दिसला तरी भुलू नका. पेडल स्पंजासारखं दबत असेल तर वाचन थांबवून गाडी टो करून गॅरेजला न्यावी.

टायरच्या कुशीवर फुगवटा आला असेल तर आतले धागे तुटलेत. तिथेही रसिकपणा नको, टायर बदला. खाचांमधल्या आडव्या पट्ट्या १.६ मिमी उंचीच्या असतात. नक्षी त्यांना टेकली की टायर संपला. कुशीवर ‘2319’ असा आकडा दिसला तर तो २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय.

एक मात्र करा. चाकं फिरवून लावायला देण्याआधी प्रत्येक टायरवर खडूने लिहून ठेवा, पुढचा डावा, मागचा उजवा. एकदा जागा बदलल्या की कुठली झीज कुठल्या कोपऱ्यातली, ते कुणालाच सांगता येत नाही.