१७ सप्टेंबर : दिनाचे नाव आणि सम्यक वाचा

निजामाचे हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्यापुढे शरण आले. घटना एकच, परंतु तिच्या स्मरणदिनाची नावे आज अनेक झाली आहेत. मराठवाड्यात 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन' या नावाने शासकीय ध्वजवंदन होते. कर्नाटकाने २०१९ मध्ये 'हैदराबाद-कर्नाटक विमोचन दिना'ऐवजी 'कल्याण कर्नाटक उत्सव' हे नाव स्वीकारले. २०२२ साली एकाच हैदराबाद शहरात केंद्र शासनाने 'मुक्ती दिन' आणि राज्य शासनाने 'राष्ट्रीय एकात्मता दिन' असे दोन वेगळे समारंभ केले. मार्च २०२४ मध्ये केंद्राने 'हैदराबाद मुक्ती दिना'ची अधिसूचना काढली आणि त्याच वर्षी तेलंगणाच्या नव्या शासनाने तो दिवस 'प्रजापालन दिन' म्हणून पाळला. या दिवसाला कोणत्याही समाजास न दुखावणारे, सर्वसमावेशक नाव असावे, असा आग्रह या वादाच्या मुळाशी आहे.

हा वाद आपल्यापासून दूरचा नाही. १५ सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना शहर भारतीय सैन्याच्या ताब्यात आले होते. तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यात होते. १ मे १९८१ रोजी तो स्वतंत्र जिल्हा झाला. आज जालन्यात ध्वजवंदनास उभ्या राहणाऱ्या बौद्ध विद्यार्थ्याने 'मुक्ती' या शब्दाचा कोणता अर्थ घ्यावा, हा खरा प्रश्न आहे.

नावाची परीक्षा कोणत्या कसोटीवर करावी? मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात तथागतांनी वाणीचा विवेक सांगितला आहे. जे असत्य आणि अहितकर आहे, ते ऐकणाऱ्यास कितीही प्रिय असले तरी तथागत बोलत नाहीत. जे सत्य आणि हितकर आहे, ते अप्रिय असले तरी योग्य काळ पाहून बोलतात. म्हणजे प्रियता ही कसोटीच नव्हे. दिनाचे नाव हीही समाजाची वाणीच आहे.

या कसोटीवर 'प्रजापालन' हे नाव टिकत नाही. ते कोणासही दुखावत नाही, कारण ते काहीच सांगत नाही. 'एकात्मता' या नावामागील वेदना मात्र खरी आहे. पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालाने पोलीस कारवाईच्या काळात व नंतर झालेल्या हिंसाचारातील बळींची संख्या २७ ते ४० हजार असल्याचा अंदाज दिला. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. औरंगाबाद, बीड, नलगोंडा व मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान ५ हजार माणसे मारली गेली, असे त्यात नमूद होते; तत्कालीन जालना याच औरंगाबाद जिल्ह्यातील. हा अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही. परंतु 'एकात्मता' म्हटल्याने या मृतांचेही स्मरण होत नाही आणि रझाकारांनी ठार केलेल्यांचेही होत नाही. दोघांवर एकच पांघरूण पडते. शिवाय भारतात विलीन होण्याचा पुरस्कार केल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्ये ज्यांची हत्या झाली, ते 'इमरोज' या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान मुसलमानच होते. 'मुक्ती' हा एका धर्माचा शब्द आहे, असे मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

मग 'मुक्तिसंग्राम' हे नाव निर्दोष आहे काय? ते सत्य आहे, पण अपुरे आहे. बी. एस. व्यंकटराव व बी. श्यामसुंदर यांच्यासारखे दलित नेते निजामाच्या बाजूस होते. बाबासाहेबांनी मात्र नोव्हेंबर १९४७ मध्येच हैदराबादेतील अस्पृश्यांनी निजामाची बाजू घेऊ नये, असे जाहीर पत्रकाद्वारे निःसंदिग्धपणे सांगितले. म्हणून विलीनीकरण हे आपल्यालाही इष्टच होते. परंतु राजा गेला तरी गावगाडा गेला नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मुक्त झालेल्या याच मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची क्रूर हत्या झाली. नामांतरास विरोध करणाऱ्यांत गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे मुक्तिसंग्रामाचे ज्येष्ठ नेतेही होते. ज्या अस्मितेस मुक्तीचे नाव मिळाले, तिच्यात बाबासाहेबांच्या नावास जागा मिळण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मागणी नामांतराची होती, पदरी पडला तो नामविस्तार. ती खंत आजही आहे. तरी जुने नाव न पुसता त्यास पूर्ण करता येते, हेही त्या दिवशी सिद्ध झाले.

हीच कसोटी आपण स्वतःलाही लावली पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेचा दिवस आपण 'अशोक विजयादशमी' म्हणून संबोधतो. बाबासाहेबांनी तो दिवस निवडला, हे सत्य आहे. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात राज्याभिषेकाच्या आठव्या वर्षीचे कलिंगयुद्ध, त्यानंतरचा पश्चात्ताप आणि धम्मविजयाचा संकल्प आहे. दशमीचा उल्लेख मात्र नाही. तेव्हा परंपरेस परंपरा म्हणावे, शिलालेखाचा आधार तिला जोडू नये. 'धम्मचक्र प्रवर्तन दिन' हे नाव कोणत्याही आधाराची उसनवारी न करता सत्य आहे. दसरा पाळणाऱ्यांकडे आपण त्यांच्या सणाचे नाव बदलून मागितले नाही. आपण दीक्षाभूमीवर कृती केली आणि नाव त्या कृतीतून आले.

सारांश, १७ सप्टेंबरचे 'मुक्तिसंग्राम' हे नाव राहावे, असे आमचे मत आहे. मात्र त्या दिवशीच्या भाषणांत स्वामी रामानंद तीर्थ यांच्याबरोबर शोएबुल्ला खान यांचे नाव यावे, बाबासाहेबांचे १९४७ चे पत्रक वाचले जावे, सुंदरलाल समितीने नोंदविलेल्या मृतांचे स्मरण व्हावे आणि १९७८ मध्ये जळालेल्या घरांचाही उल्लेख व्हावा. ऐकणाऱ्यांना हे प्रिय वाटणार नाही. परंतु जालन्याच्या ध्वजस्तंभापुढे बौद्ध, मुसलमान आणि सवर्ण विद्यार्थी एका रांगेत उभे राहतात. त्यांच्या पूर्वजांचा खरा वृत्तांत त्यांना एकत्र ऐकू आला, तर समावेशासाठी निराळ्या नावाची गरज उरणार नाही.